हलका झटका आणि रिक्षा: कालच्या पोस्टला उत्तर

इंदिरानगरची सून
काल इथे एकांनी ठासून लिहिलं: "पॅरालिसिसचा हलका झटका असेल तर १०८ ची वाट बघू नका. ॲस्पिरिन द्या, रिक्षात बसवा, पोचा." रात्रभर चडफडत होते. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. रक्तस्राव असला तर तीच गोळी घात करते. शिवाय गिळता येत नसेल तर साधं पाणीही श्वासनलिकेत जातं. माझ्या सासऱ्यांच्या हातून सकाळी चहाचा कप सुटला, तोंड वाकडं झालं, दहा मिनिटांत पूर्ववत. आम्ही म्हटलं, पित्त असेल. संध्याकाळी उजवी बाजू गेली. असं आपोआप बरं वाटल्यावरचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं.

सिडकोवाला
पोस्ट माझी. गोळीचं चुकलं, ते काढलं. रिक्षाचं मागे घेणार नाही. आईच्या वेळी १०८ आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंना चारचाकी लावलेल्या. शेवटी शेजारच्या पोराने रिक्षातून नेलं. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आज आई भाकरी थापते. ताई, बोलणं सोपं आहे.

म्हसरूळकर
गाड्यांचं निघालंच आहे तर ऐका. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. आजोबांना खुर्चीत चादरीने बांधून चौघांनी तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. खाली गेटसमोर चेअरमनची गाडी! मीटिंगमध्ये बोललो तर म्हणे, "रोज थोडंच कुणी आजारी पडतं?"

गंगापूर रोड
मीही चेअरमन आहे. दरवेळी आम्हालाच का झोडपता? गाडी घेताना लावायची कुठे, याचा विचार कोण करतं? गेट मोकळं ठेवा म्हटलं की भाडेकरूसुद्धा अंगावर येतात.

म्हसरूळकर
म्हणून स्वतःची गाडी गेटात लावायची? आजोबांचा डावा हात अजून उचलत नाही. कुणाला विचारू?

इंदिरानगरची सून
पार्किंगचं नंतर भांडा हो! १०८ मध्ये डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. रिक्षात उलटी झाली तर माणसाला कुशीवर तरी कसं घेणार?

कॅज्युअल्टीतली सिस्टर
नाशिकरोडकडचे लोक सांगतात, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो. अडकतातच. पण त्याआधीचा वेळ घरात गेलेला असतो. "जरा पडू दे, बरं वाटेल." मग फॅमिली डॉक्टर, मग सीटी नसलेलं हॉस्पिटल, मग आमच्याकडे. कुणी बीपी वाढलं म्हणून घरीच जिभेखाली गोळी दिलेली असते, तीही देऊ नका. बीपी एकदम उतरलं की मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. १०८ लावा. ती पोचूच शकत नसेल तर मिळेल त्या गाडीने निघा, पण फोन करून विचारा, सीटी चालू आहे का? आणि पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून आणा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर झोपायच्या आधीची वेळ धरतात.

सिडकोवाला
सिस्टर, मान्य. इंजेक्शन मिळालं ते सीटीवाल्या हॉस्पिटलात थेट गेलो म्हणून. आणि तिथे चला, हे मला सुचलं नव्हतं. त्या रिक्षावाल्या पोराला माहीत होतं. गल्लीतल्या गाड्यांचं मात्र मी सोडणार नाही.