कोलोरॅडोचा ठासणीचा हंगाम: दारूच्या वड्यांवर बंदी का?

मापात पाप
आपल्याकडे 1972चा वन्यजीव कायदा आणि त्यातली 1991ची दुरुस्ती यांनंतर शिकारीचा हंगाम असा उरला नाही. कोकणातली ठासणीची बंदूक राहिली ती पीक राखण्यापुरती. अमेरिकेत मात्र या बंदुकीला स्वतंत्र हंगाम मिळतो. कोलोरॅडोत तो सप्टेंबरच्या मध्यावर येतो, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) ऐन माजावर असताना. तिथले नियम थोडक्यात: बंदुकीची दारू सुटी, भुकटीच हवी, दाबून केलेल्या वड्या चालत नाहीत, धूरविरहित दारू चालत नाही. सॅबो (गोळीवरचा प्लास्टिकचा अंगरखा) नाही, दुर्बीण नाही, विजेवर पेटणारा बार नाही. हरीण, प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखं जनावर) आणि अस्वलासाठी किमान .40 कॅलिबर (नळीचं तोंड, इंचात), एल्क आणि मूज या अजस्र हरणासाठी किमान .50.

माझा आक्षेप फक्त वड्यांच्या बंदीला आहे. पायरोडेक्स ही काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू. तिची 50 ग्रेनची (ग्रेन हे दारूचं माप) वडी म्हणजे दाबून घट्ट केलेली पायरोडेक्सच. दोन वड्या टाकल्या की 100 ग्रेन. तेवढीच सुटी दारू मापाने ओतली तर कायदेशीर, वडी टाकली तर गुन्हा. गोळीला काय कळतंय, मागे सुटी होती की दाबलेली? उलट ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू त्याच मापाने काळ्या दारूपेक्षा साधारण 15 टक्के जास्त जोर देते, आणि सुटी असेल तर चालते. मग बंदी नेमकी कशावर आहे?

रंजक
असहमत. बंदी जोरावर नाहीच, सोयीवर आहे. एक बार गेला की माणसाने माप काढावं, भरावं, ओतावं, गोळी बसवावी, गज मारावा. हा वेळ जनावराच्या बाजूचा. त्या बदल्यात माजाचा काळ दिलाय.

आणि वडीला स्वतःची खोड आहे. पायरोडेक्सच्या वडीच्या एका टोकाला काळ्या दारूचा पातळ थर असतो, रंगाने गडद. ते टोक खाली, प्रायमरकडे (दारू पेटवणाऱ्या टोपीकडे) हवं. घाईत उलटी पडली की चाप ओढल्यावर आधी नुसता ‘फट्ट’, मग क्षणभराने बार. तेवढ्यात नळी हललेली असते आणि गोळी पोटात जाते. शिवाय अकरा नंबरच्या साध्या टोपीने वडी भरवशाने पेटत नाही, 209 नंबरचा, जास्त आच देणारा प्रायमर लागतो.

मापात पाप
209 तर तिथे आजही चालतो, त्यामुळे तो मुद्दा बाद. उलट्या वडीचं मान्य. पण गडद टोक खाली ठेवायला शिकणं हे माप शिकण्यापेक्षा अवघड नाही.

गजकर्ण
दोघेही सुटीचं खरं दुखणं सोडून बोलताय. ते म्हणजे तराजू. ‘100 ग्रेन’ हे काळ्या दारूच्या आकारमानाचं माप आहे. पायरोडेक्स हलकी. त्याच मापात ती वजनाने 70च्या आसपास भरते. नवखा माणूस काडतुसं भरायच्या तराजूवर 100 तोलतो आणि नकळत दीडपटीच्या जवळ जातो. पितळी, सरकत्या दांड्याचं माप वापरा. काठोकाठ भरा, ठोकू नका.

दुसरं, गजावर खूण. रिकाम्या नळीत गज टाकून एक रेघ, ठरलेली दारू आणि गोळी बसवून दुसरी. दर वेळी गज दुसऱ्या रेघेवर आलाच पाहिजे. तीनचार बार झाले की काजळी धरते, गोळी मध्येच अडते, मधे पोकळी राहते. अशा बाराने नळीला आतून कडं पडतं, कधी नळी फुटते. हे वडीतही होतंच. वर जास्त जोर लावून गज मारला की वडीचा चुरा होतो आणि जळण्याची गती बदलते. माझं मत विचाराल तर बंदी राहू दे. वड्या 30 किंवा 50च्या टप्प्यात मिळतात, सुटी दारू पाचपाच ग्रेननी वाढवून बंदुकीला मानवेल तिथे थांबता येतं. दुर्बिणीशिवाय, उघड्या माशीवर नेम धरायचा असताना हे फार मोठं.

उंटावरचा शहाणा
बंदी राहू दे म्हणताय, पण मग ब्लॅकहॉर्न 209चं काय? ती सुटी आहे, पर्यायी दारू म्हणून विकली जाते, आणि तिच्यात नायट्रोसेल्युलोज, म्हणजे धूरविरहित दारूचाच मुख्य घटक, आहे. नियम आकार बघतो, पोट बघत नाही. गरीब पायरोडेक्सची वडी बाहेर आणि ही आत!

(ज्यांना वाटतं की नायट्रोसेल्युलोज म्हणजे रायफलची धूरविरहित दारूही ओतली तरी चालेल, त्यांनी बंदूक विकून टाकावी. साधी ठासणीची नळी त्या दाबासाठी केलेलीच नसते. तिथे मोजमापातली चूक माफ होत नाही.)

लांब पल्ल्याला खरा लगाम घालतात ते दुर्बीण आणि सॅबोचे नियम. सॅबो म्हणजे .50च्या नळीत पिस्तुलाची .45 गोळी बसवणारा प्लास्टिकचा अंगरखा. हे दोन्ही नसले की शंभर यार्डांपुढे बहुतेक जण आपणहून थांबतात. वडी आली-गेली, तिथे फरक पडत नाही.

रंजक
दारूवरून भांडायचंच नसेल तर पेनसिल्व्हेनिया बघा. नाताळनंतरच्या हंगामात फक्त चकमकीची बंदूक, 1800पूर्वीच्या धाटणीची. कान्यातल्या (नळीच्या बाजूच्या छिद्रातल्या) ठिणगीने पर्यायी दारू नीट पेटत नाही, तिला जास्त उष्णता लागते. कान्याबाहेरच्या खोलगटात, रंजकीत, बारीक काळी दारूच (तीच रंजक) घालावी लागते, चार एफ या सर्वांत बारीक प्रतीची. म्हणजे कोणती दारू हे बार पेटवणारी यंत्रणाच ठरवते.

मापात पाप
आणि रॉकीजमध्ये सप्टेंबरात दुपारी पाऊस आला की? रंजक भिजली, एल्क समोर, ठिणगी पडते आणि पुढे काहीच नाही.

रंजक
चकमक आणि रंजकीवर मेण चोळलेल्या चामड्याचं झाकण बांधायचं. जुने लोक त्याला गायीचा गुडघा म्हणत. हवा दमट असेल तर दर तासाला रंजक फुंकून टाका, कान्यात सुई फिरवा, कोरडी भरा. चकमकीची धार गेली असेल तर तीही बदला.