चेरी केकच्या बुडाशीच का जाऊन बसतात?

दोन केक बिघडले. म्हणजे घरात फस्त झाले, पण चारचौघांत ठेवण्यासारखे नव्हते.

पहिला: लोणी, साखर, मैदा प्रत्येकी १७५ ग्रॅम, ३ अंडी, बेकिंग पावडर आणि साखरेच्या पाकात मुरवलेल्या लाल चेरी २०० ग्रॅम. मिश्रण घट्ट वाटलं म्हणून अर्धी वाटी दूध ओतलं. चेरी डब्यातून काढून अख्ख्याच मैद्यात घोळवून टाकल्या. कापला तर वर नुसता केक आणि खाली चिकट लाल थर.

दुसऱ्या वेळी पाकातल्या चेरी संपलेल्या, म्हणून ताज्या घेतल्या. बिया काढून, तेवढ्याच २०० ग्रॅम. बेकिंग पावडरही संपली होती, मग अंदाजाने खायचा सोडा घातला (हसू नका). १८० अंशांवर ४५ मिनिटं भाजूनही प्रत्येक चेरीभोवती केक कच्चा, आणि कडेला चक्क निळसर-हिरवं वलय! आम्ही खाल्ला, पण ते काय होतं?

ताज्या आणि पाकातल्या चेरी एकमेकींच्या जागी चालतातच ना?

प्रतिसाद १
पाक न धुता मैद्यात घोळवलं की मैद्याची नुसती खळ होते आणि चेरी आणखी घसरते. आधी कोमट पाण्याने पाक धुवून टाका, मग फडक्यावर अगदी कोरड्या होऊ द्या. अख्ख्या टाकू नका, चार तुकडे करा. त्यानंतर मोजलेल्या मैद्यातलाच चमचाभर घेऊन घोळवा.
पण खरा घोटाळा त्या दुधाचा आहे. चमचा उलटा केल्यावर मिश्रण धारेने पडत असेल तर कुठलंच फळ त्यात टिकणार नाही. हलका झटका दिल्यावर गोळा पडला पाहिजे. घट्टच बरं, घाबरू नका.

प्रतिसाद २
रंगाला घाबरू नका, विष नाही. ताज्या चेरीचा लाल रंग आम्लात लाल राहतो, सोड्याच्या सान्निध्यात निळा-हिरवा होतो. सोडा जास्त पडला आणि त्याला मारायला आंबट काही नव्हतं. पाकातल्या चेरींना बहुतेक वेळा वरून रंग दिलेला असतो, त्यामुळे त्यांची ही तऱ्हा होत नाही.

प्रतिसाद ३
नाही, सरळ अदलाबदल नाही चालत. ताज्या चेरीत ८० टक्क्यांहून जास्त पाणी, पाकातलीत त्याची जागा साखरेने घेतलेली. भाजताना ते पाणी सुटतं आणि भोवतालचा केक शिजत नाही. १५० ग्रॅमच घ्या, अर्ध्या करून कापलेली बाजू फडक्यावर पालथी ठेवा, मग थोड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा. १६० अंशांवर जास्त वेळ भाजा. मी तर त्या मिश्रणात घालतच नाही, वरून पेरते. थोड्या आत जातात, थोड्या वर राहतात, दिसतातही छान.

प्रतिसाद ४
बिया कशाला काढायच्या? फ्रान्समधल्या क्लाफुतीत (चेरींवर पातळ मिश्रण ओतून भाजलेला गोड पदार्थ) पारंपरिक पद्धतीत बियांसकट चेरी घालतात, बदामासारखा मंद वास येतो.

प्रतिसाद ३
क्लाफुती चमच्याने सावकाश खायची. केकचा घास बेसावध घेतात लोक. दाताच्या डॉक्टरांचं भलं करायचं असेल तर ठेवा बिया.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! दुधाचा दोष लक्षातच आला नव्हता, मी उगाच चेरींना शिव्या घालत होते. उद्या पाकातल्या, धुवून, बिनदुधाचा. आणखी एक शंका: फ्रीझरमध्ये बिया काढलेल्या चेरी आहेत, त्या वितळवून घेऊ का?

प्रतिसाद १
नको, वितळल्या की रस गळून सगळं मिश्रण जांभळं होईल. गोठलेल्याच, अगदी शेवटी घाला आणि दोन-तीनदाच हलकेच ढवळा. मिश्रण गार पडतं, तेव्हा भाजायला वेळ जास्त लागेल. घड्याळ बघू नका, मधोमध सुरी घालून बघा. फक्त ती चेरीत घुसली तर ओलीच निघेल, दुसऱ्या जागी पुन्हा घाला.