'व्हर्जन'ही आवृत्ती आणि 'एडिशन'ही आवृत्ती?

कानामात्रा: संगणकावरच जन्मलेल्या साहित्याचं संपादन कसं करावं, यावरचा एक लेख मराठीत आणतोय. गाडी अडली ती एका वाक्यावर: फ्लॉपीवर आलेल्या कादंबरीची सगळी व्हर्जनं ताडून तिची चिकित्सक एडिशन काढायची. 'सर्व आवृत्त्या ताडून आवृत्ती काढली' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल मला डुलकी लागली होती. शिवाय 'बॉर्न-डिजिटल'ला 'जन्मजात डिजिटल' केलं, त्यावर संपादकबाईंचा शेरा: जन्मजात व्यंग असतं.

पोथीबंद: 'जन्मजात कवी'ही म्हणतोच की आपण. व्हर्जनला 'पाठ' म्हणा, मिटलं. भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली, ती शेकडो पोथ्यांतले पाठभेद ताडूनच. शब्द तयार आहेत, आपण विसरतो.

उलटतपासणी: मिटलं कसं? पोथीत पाठ म्हणजे शब्द. इथे अक्षर न अक्षर तेच राहून कृती बदलते. ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं-अक्षरं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आधार संपला. त्यातल्या कविता आता रफलसारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतात. ओळी त्याच, पण एक ओळ विरून दुसरी उमटायला जरा जास्त वेळ लागला, तर तो पाठभेद? कवीने तो वेळ मोजून ठेवलेला असतो हो! मी 'चालभेद' म्हणेन.

कानामात्रा: चालभेद झकास. पण माझं वाक्य अजून तिथेच आहे.

शुद्धमती: कारण 'आवृत्ती' व्हर्जनला देणंच चूक. आ + वृत्, म्हणजे फिरून येणं. आवर्तन, वर्तुळ त्याच कुळातले. एडिशनला सरळ 'संस्करण' म्हणा.

पोथीबंद: संस्करण हिंदी झालं.

शुद्धमती: संस्कृत आहे ते! हिंदीने आधी उचललं म्हणून आपण सोवळं पाळायचं?

उलटतपासणी: फोन 'नवी आवृत्ती उपलब्ध' म्हणतो, तेव्हा कुणी धातू शोधत बसत नाही. रुळलं ते रुळलं.

कोरा कागद: अवांतर: विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सन यांची १९९२ची 'अग्रिप्पा' ही कविता फ्लॉपीवर होती. एकदा पडद्यावरून सरकत गेली की स्वतःलाच कूटबद्ध करायची, पुन्हा वाचता येऊ नये म्हणून. तिची मूळ प्रत कुठली धरायची? वाचलेली की न वाचलेली?

पोथीबंद: न वाचलेली, उघड आहे.

उलटतपासणी: म्हणजे संपादकाने न वाचताच संपादन करायचं. तशी पद्धत आहेच म्हणा.

शुद्धमती: आणि 'डिजिटल' तरी कशाला? 'अंकीय' आहे.

कोरा कागद: लॅटिनमध्ये 'डिजिटस' म्हणजे बोट. मग 'अंगुलीय' का नको?

शुद्धमती: बोटं मोजण्यातूनच आकडे आले, म्हणून अंक. वाद असलाच तर 'अंकीय' की 'आंकिक', एवढाच.

पोथीबंद: आंकिक. 'वर्ष'चं वार्षिक होतं, 'वर्षीय' वयाला लावतात.

शुद्धमती: मग 'राष्ट्रीय'चं काय करणार?