सोलापूर राहण्याजोगं कशानं होईल : विमानानं की नळाच्या पाण्यानं?

सातरस्ता_सोलापूर (धागाकर्ता)
उद्या नळाला पाणी किती वाजता येणार, हे घरातल्या बाईला आज नक्की सांगता येतं का? शहर चांगलं की वाईट ते मी यावरून ठरवतो. २०१६ मध्ये पहिल्या २० स्मार्ट शहरांत आपलं नाव आलं. उजनीचं पाणी १०० किलोमीटरहून लांबून येतं, टाकळीहून भीमेचं येतं, हिप्परगा तलाव आहे. तरी आमच्या गल्लीत पाणी तीन-चार दिवसांआड, तेही चावीवाला (पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस) येईल तेव्हा. रात्री दोनला उठून मोटर लावायची, बॅरल, कळशी, पातेली भरायची. आधीचं उरलेलं शिळं म्हणून गटारात ओतायचं. मधले दिवस पाइप रिकामा असतो, फुटक्या जागी बाहेरची घाण आत ओढली जाते, म्हणून सुरुवातीला पिवळं पाणी येतं. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.
आपण भांडतो मात्र उड्डाणपूल आणि विमानतळावर. माझा क्रम असा : आधी पाणी, मग सावली, मग सिटी बस.

पुण्यात_अडकलेला
पूर्ण असहमत. पाणी हवंच, पण पाणी प्यायला माणसं उरली पाहिजेत ना? माझ्या बॅचची बहुतेक पोरं हिंजवडीत आहेत. १८७७ ला ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी सुरू झाली आणि गिरणीच्या भोंग्यामागं हे शहर वाढलं. तेव्हा कुणी नळाची वेळ विचारली नव्हती. लक्ष्मी-विष्णू मिल गेली, नरसिंग गिरजी मिल गेली, चादरीच्या मागांचीही खडखड कमी झाली. २०२३ ला विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, ते योग्यच झालं. आधी रोजगार, बाकी आपोआप येतं.

सातरस्ता_सोलापूर
आपोआप काहीच येत नाही. गिरण्या होत्या तेव्हा रोजगार होताच की, मग पाणी रोजचं का झालं नाही? आणि कंपनीवाला जागा बघायला आला की पहिल्यांदा पाण्याचंच विचारतो.

कुंभारीची_ताई
तुम्ही दोघंही शहरात बसून बोलताय. आमच्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३० हजार घरांची वसाहत. त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. स्वतःचं पक्कं घर, यापेक्षा मोठं सुख माझ्या आईनं पाहिलं नाही. पण ती विडी वळते. पान-तंबाखू आणायला, वळलेल्या विड्या द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला जावं लागतं. बस वेळेवर नसली की शेअर रिक्षा, आणि दिवसाच्या मजुरीतला चांगला हिस्सा भाड्यातच जातो. तुमच्या क्रमात बस तिसरी आहे, आमच्याकडं ती पहिली आहे.

नवीपेठ_दुकानदार
सावलीचं मला पटत नाही. आमच्याकडं गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक मॉलकडं जातंय. रस्ता रुंद करताना चार झाडं जाणारच.

कुंभारीची_ताई
दादा, मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो. तुमच्या दुकानासमोर रिक्षाची वाट बघत उभं राहणारी बाई गिऱ्हाईकच असते. सावली दिसली तर ती थांबेल, दोन वस्तू घेईल.

पुण्यात_अडकलेला
बसचं पटलं, ताई. कामाला पोचता आलं नाही तर रोजगार असून उपयोग काय. पाण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. उजनीहून आणखी पाणी आणा म्हणू नका, गल्लीतले जुने पाइप आधी बदला.

सातरस्ता_सोलापूर
हेच तर म्हणतोय मी! धरणातून जास्तीचं पाणी मागितलेलंच नाही. आहे तेच रोज, ठरलेल्या वेळी, तासभर द्या.