मदत हवी आहे: मक्याचा भाव पडला, बँक आणखी तारण मागतेय

राम राम मंडळी. आमच्या आप्पांनी अमळनेरजवळच्या गोदामात 300 क्विंटल मका ठेवून गोदाम पावतीवर कर्ज उचललं. तेव्हा भाव 2,200 होता. माल 6 लाख 60 हजारांचा, त्याच्या 70 टक्के म्हणजे 4 लाख 62 हजार मिळाले. आता भाव 1,700, म्हणजे माल 5 लाख 10 हजारांचाच, त्याच्या 70 टक्के 3 लाख 57 हजार; कर्ज त्याहून जास्त झालं. बँकेचं पत्र आलंय: सात दिवसांत 1 लाख 5 हजार भरा किंवा दीड लाखाचा माल वाढवा, नाहीतर मका विकू.

करारात नुसतं 'चालू बाजारभाव' लिहिलंय. म्हणजे बाजार समितीचा सर्वसाधारण दर, की बँकेच्या माणसाने ठरवलेला? आमचा मका वाळवून, ओलावा मोजून ठेवलाय. त्याला ओल्या मक्याचा भाव लावणं अजिबात पटत नाही.

थोडा माल विकून भरावं तर तारणही घटतं. व्याज सोडून हिशेब केला तरी 206 क्विंटल विकावे लागतात! दोन तृतीयांश मका गेला की.

करार कायदा 1872 च्या कलम 176 प्रमाणे तारण विकण्याआधी वाजवी नोटीस लागते. सात दिवस वाजवी धरतात का? बँका मुदत वाढवून देतात का? जळगाव-धुळ्याकडे कुणी यातून गेलं असेल तर कृपया लवकर सांगा, शुक्रवारी मुदत संपतेय.