डोक्याला मार: आधी रक्त, की थेट सीटी?

रात्रपाळी_डॉक्टर:
तालुक्याच्या रुग्णालयात आहे. दुचाकीवरून पडलेला माणूस येतो. बोलतो, चालतो, पण पडल्याचं त्याला आठवत नाही. सीटी स्कॅनचं मशीन ७० किलोमीटरवर. पाठवावं तर नातेवाईक मध्यरात्री गाडी शोधत फिरतात, आणि बहुतेकदा रिपोर्ट नॉर्मल येतो. न पाठवावं तर माझा जीव टांगणीला. मेंदूच्या पेशी दुखावल्या की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ मध्येच परवानगी दिली. २०२४ मध्ये तर सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून त्याचे घटक वेगळे करणारं यंत्र) न लागणारं, शिरेतल्या रक्तावर १५ मिनिटांत उत्तर देणारं चाचणीचं कार्ट्रिज मंजूर झालं. अशी चाचणी शहराआधी तालुक्याला मिळाली पाहिजे.

फिल्म_वाचक:
तळमळ कळते डॉक्टर, पण २०१८ च्या परवानगीमागचा अभ्यास बघा. सुमारे १,९५० रुग्ण. सीटीत इजा दिसलेले ९७ टक्के सापडले, मान्य. पण सीटी स्वच्छ असलेल्यांपैकीही जवळपास दोन तृतीयांश पॉझिटिव्ह आले! तुमचे दहातले सहा-सात तरीही जिल्ह्याला जाणारच. वय ६५ किंवा जास्त, दोनदा उलटी, दोन तासांनीही पूर्ण शुद्ध नाही, हे सीटी कुणाचा करायचा ते सांगणारे कॅनडाचे निकष फुकट आहेत. पैसा सीटी मशीनवर घाला.

रात्रपाळी_डॉक्टर:
प्यायलेल्या माणसाची शुद्ध त्या निकषांवर कशी जोखू? आणि तिघं थांबले, तर तीन घरांची वणवण वाचली. निगेटिव्ह आलेल्यांत ९९ टक्क्यांहून जास्त जणांचा सीटी स्वच्छ होता.

फिल्म_वाचक:
त्या अभ्यासात इजा दिसलेलेच जेमतेम सहा टक्के होते, म्हणून तो आकडा इतका मोठा दिसतो. तीन जण निसटले होते. त्यातला एक तुमच्या दारातून घरी गेला तर?

धाकटी_बहीण:
तुम्ही दोघं सीटीपाशीच अडलात. माझ्या भावाचा सीटी नॉर्मल होता. तरी चार महिने डोकं दुखायचं, उजेड सोसायचा नाही, हिशेब चुकायचे. कामावर सगळे नाटक म्हणाले. शेवटी एमआरआयमध्ये बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसले. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मेंदूच्या दुखापतींवरच्या अभ्यासात हेच आढळलं: सीटी स्वच्छ पण जीएफएपी वाढलेलं, अशा कित्येकांच्या एमआरआयमध्ये इजा होती. त्या रात्री असा एक आकडा हातात असता, तर त्याला कुणी खोटं पाडलं नसतं.

फिल्म_वाचक:
ताई, हा मुद्दा मला पटला. मग मी ज्यांना फुकटचे पॉझिटिव्ह म्हणालो, त्यांतले काही तुमच्या भावासारखे असतील. पण वयानुसार जीएफएपी तसंही वाढतं, म्हातारपणी आकडा जपून वाचावा लागेल. आणि डॉक्टर, निगेटिव्ह आला तरी रात्रभर खाटेवर ठेवून दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघणार असाल, तर माझा विरोध नाही.

रात्रपाळी_डॉक्टर:
बघेन. खाट आहे, सिस्टरही आहेत.