राउटिंग टेबलचा 'डंप': ओतायचा, उपसायचा की काढायचा?

दांडिया बाजार, बडोदा:
भाचा राउटर सांभाळायला शिकतोय. त्याच्यासाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं नि पहिल्याच पानावर अडलो. 'बर्ड' या राउटरच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) एमआरटीच्या (टेबल साठवायच्या ठरावीक मांडणीच्या) भागात 'पीरियड ७२००' (सेकंद) लिहिलं की दर दोन तासांनी राउटिंग टेबल, म्हणजे नेटवरच्या मार्गांची यादी, फाइलमध्ये उतरतं. इंग्रजीत याला 'डंप' म्हणतात. मी लिहिलं, 'दर दोन तासांनी टेबल ओतावे.' पोरगं विचारतं, "मामा, ओतल्यावर टेबल रिकामं होतं? मग नेट बंद?" त्याचं तरी काय चुकलं! बादली ओतली की रिकामीच होते, इथे टेबल जागच्या जागी असतं. आमच्याकडे डंप म्हटलं की डंपर नि ढगलोच (गुजरातीतला ढीग) आठवतो. 'ढीग' लिहू का?

रावपुरा:
ढीग नको. ढिगात काय कुठे आहे ते कळत नाही. एमआरटी फाइलची मांडणी तर २०११ च्या आरएफसी ६३९६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ठरवून दिली आहे. कुठला मार्ग, कोणत्या शेजारी राउटरकडून, केव्हा आला, सगळं जागेवर. 'उतारा' घ्या. सातबाराचा उतारा काढला म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद पुसत नाही. शिवाय उतारा 'काढतात', क्रियापद आयतं मिळालं. गुजरातीतही 'उतारो'च, त्यामुळे भाच्याच्या सोबत्यांनाही कळेल. (विषावरचा आणि दृष्टीचा उतारा वेगळा. राउटरला दृष्ट लागेल तेव्हा बघू.)

वाडी:
जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला म्हणून बोलतो. उतारा वहीतल्या एखाद्या भागाचा, अख्ख्या वहीची ती नक्कल. इंटरनेटच्या पूर्ण टेबलात आयपीव्ही४ चेच (जुन्या पद्धतीच्या नेट-पत्त्यांचेच) नऊ लाखांवर मार्ग. त्याला उतारा कसं म्हणायचं? आणखी एक. टेबल ही खतावणी (खातेवार मांडलेली वही), मार्ग बदलले की येणारे अपडेट ही रोजकीर्द (घडेल तसं लिहायची वही). ओरेगॉन विद्यापीठाचं 'राउटव्ह्यूज' हे मार्गांचं संग्रहालय खतावणीची नक्कल दर २ तासांनी ठेवतं, कीर्दीची फाइल दर १५ मिनिटांनी. युरोपातल्या 'राइप' संस्थेचं तसंच संग्रहालय, आरआयएस, ८ तासांनी नि ५ मिनिटांनी. कीर्द हाताशी असली की मधल्या क्षणाची खतावणी पुन्हा मांडता येते, म्हणून नक्कल विरळ चालते.
१९३१ साली आपल्याच बडोद्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. त्यात कचेरीतल्या शब्दांना आठ भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडलेत. मग आपल्याला दोन शब्द ठेवायला काय हरकत?

रावपुरा:
काका, मान्य. बर्डमध्ये फिल्टर लावून निवडक मार्गही काढता येतात. तो उतारा, पूर्ण काढली ती नक्कल. पण 'नियतकालिक नक्कल' कुणी लिहू नका, दिवाळी अंक वाटतो. 'दर' पुरे. एकदाच हवी असेल तर कमांड देऊन काढतात, तिथे 'दर' गाळायचा.

दांडिया बाजार:
एफआरआर या बर्डसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कमांडच 'डंप बीजीपी रूट्स-एमआरटी' अशी आहे (बीजीपी म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत), ती तशीच ठेवतो. गंमत म्हणजे ही फाइल वाचून दाखवणाऱ्या साधनाचं नाव 'बीजीपीडंप'. म्हणजे लिहिणं डंप आणि वाचणंही डंप! तिथे 'नक्कल वाचणे'.
टिपणात आता असं आहे: 'दर दोन तासांनी टेबलची नक्कल काढावी. फाइलच्या नावात तारीख-वेळेच्या खुणा घालाव्यात, नाहीतर कालची नक्कल वेगळी सापडणार नाही.' वाचून भाचा म्हणतो, "दिवसाला बारा नकला. डिस्क भरली की जुन्या कोण काढणार?" बघा, 'काढणे' परत अडलं. तिथे 'पुसणे' लिहिलंय, आणि ते काम बर्ड करत नाही, वेगळं लावावं लागतं.